न सांगितलेलं सुतक

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला आरोपी कुठल्या गुन्ह्यातला, हे जुने सहकारी भेटले की वाद घालून ठरवावं लागतं. मुळशीतलं हे एक प्रकरण मात्र जसंच्या तसं मनात राहिलं आहे. ते विसरावं असं मला अनेकदा वाटलं, पण जमलं नाही. यात मी कुणाचं नाव घेणार नाही, गावाचंही नाही. उरवड्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला ते गाव आहे, एवढं पुरे.

मी तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मुळशी हा विचित्र तालुका आहे. एका टोकाला आयटीवाल्यांचे मनोरे, दुसऱ्या टोकाला धरण आणि जंगल. सकाळी एकजण लॅपटॉप चोरीला गेल्याची तक्रार घेऊन यायचा आणि त्याच्या मागं उभा असलेला दुसरा शेजाऱ्यानं बांध कोरल्याची. दोघांनाही तेवढीच घाई असायची.

त्याच सुमारास आम्हा अधिकाऱ्यांसाठी देहबोलीवर एक प्रशिक्षण झालं होतं. कोट घातलेला एक गृहस्थ पडद्यावर चित्रं दाखवून सांगत होता की खोटं बोलणारा माणूस नाकाला हात लावतो आणि नजर चुकवतो. मला हसू आवरेना. आमच्या भागात पावसाळ्यात अख्खं ठाणं नाक पुसत असतं, आणि पोलिसासमोर नजर न चुकवणारा माणूस बहुतेक वेळा सराईत असतो. माणसं हातवाऱ्यांनी बोलतात हे खरं. पण त्यांची ही भाषा त्यांच्या घरात आणि रीतीरिवाजांत शिकलेली असते, ती पडद्यावरच्या चित्रांत सापडत नाही.

दसऱ्याचा दुसरा दिवस होता. ठाण्यात आदल्या दिवशी शस्त्रपूजा झाली होती, जीपला आणि रायफलींच्या रॅकला झेंडूचे हार तसेच होते. एक तरुण बाई आईला बरोबर घेऊन आली. पोटुशी होती, बाळंतपणासाठी तालुक्यातल्याच चांदे गावी, चांद्याला, माहेरी आलेली. नवरा बेपत्ता झाल्याची तक्रार तिला द्यायची होती. ठाणे अंमलदारानं नेहमीचे प्रश्न विचारले. नवरा उरवड्याच्या एका कंपनीत कामाला. नवरात्राच्या आधीपासून त्याचा फोन बंद. थोरला दीर सांगतो की तो कंपनी सोडून गुजरातला ड्रायव्हरकीला गेला. अंमलदार लिहून घेत होता, त्याला यात काही विशेष वाटत नव्हतं. घरात कुरबुर झाली की पुरुष असे निघून जातात आणि पैसे संपले की परत येतात.

मग ती म्हणाली, "आनि आत्यांनी काल मला कुंकू लावलं न्हाई."

आत्या म्हणजे तिची सासू. अंमलदारानं पेन खाली ठेवलं. "ताई, हे पोलीस ठाणं आहे. सासू-सुनेचं घरी मिटवा."

मी केबिनच्या दारात उभा होतो. तिला आत बोलावलं, बसवलं आणि महिला हवालदाराला पाणी आणायला सांगितलं. ही हवालदार कमी बोलणारी, कामाला चोख बाई होती. पुढं सगळ्या तपासात ती माझ्याबरोबर राहिली.

"नीट सांगा," मी म्हणालो. "काय झालं काल?"

"दसऱ्याचं सोनं द्यायला म्हनून गेले हुते सासरी. म्हनलं, यांचं काय कळतंय का बघावं. आत्या काय बोलल्याच न्हाईत. निघताना म्या उंबऱ्यात थांबले. त्या करंडा घेऊन आल्या. झाकान उघडलं, बोट बुडवलं. आन् तसंच परत झाकान लावलं. माझ्याकडं बघितलं न्हाई. आत निघून गेल्या."

"भांडण वगैरे आहे का तुमचं?"

"न्हाई वो. लई जीव हाय त्यांचा माझ्यावर."

मी स्वतः खेड्यातला आहे. सवाष्ण बाई दारातून निघाली की तिला हळदकुंकू लावूनच निरोप द्यायचा, ही रीत आमच्याकडं लहान पोरीलाही ठाऊक असते. भांडण असलं तरी लावतात, तोंड वाकडं करून लावतात, पण लावतात. करंडा आणून, बोट बुडवून मग माघार घेणं हे विसरभोळेपण नव्हतं. त्या बाईचा हात अडला होता. सवाष्ण म्हणून कुंकू लावायचं, तर समोरची सवाष्ण असायला हवी. हे माझ्या मनात आलं. समोरच्या मुलीला मी त्यातलं काही बोललो नाही. मनुष्य मिसिंग दाखल करून घेतली आणि तिला म्हणालो की आम्ही बघतो.

दुसऱ्या दिवशी हवालदार बाईंना घेऊन त्या गावात गेलो. गावात शिरल्यावर प्रत्येक दाराला झेंडूचं आणि आंब्याच्या पानांचं तोरण दिसत होतं. पत्र्याच्या शेडलाही होतं, किराणा दुकानालाही होतं. एका मशिदीशेजारच्या चक्कीवाल्यानंही गिरणीला हार घातला होता. आम्हाला जायचं होतं त्या घराच्या चौकटीला मात्र काहीच नव्हतं. अंगणात थोरल्या मुलाचा पिकअप उभा होता. त्याला बोनेटपासून मागच्या फळीपर्यंत हार होते.

घर खाऊनपिऊन सुखी होतं. थोडी जमीन विकलेली, त्यातून थोरल्यानं भूगावात फ्लॅट घेतलेला. त्याची बायको आणि मुलं शाळेसाठी तिकडं राहायची आणि तो जाऊनयेऊन असायचा. घराच्या मागं कामगारांना भाड्यानं द्यायला खोल्यांची ओळ बांधायचं काम चालू होतं. म्हातारे वडील अर्धांगवायूनं आतल्या खोलीत पडून होते, त्यांना कुणाची ओळख राहिली नव्हती. म्हणजे बोलण्यासारखी माणसं त्या घरात दोनच, थोरला आणि त्याची आई.

थोरला पुढं होऊन बोलायला लागला. चाळिशीच्या आतला, स्वच्छ दाढी केलेला, इस्त्रीचा शर्ट. "साहेब, आमचा बारका तापट हाय. कंपनीत सायबाशी वाजलं त्येचं. म्हनला, मी चाललो गुजरातला. येईल दिवाळीला. तुमी उगंच तरास घेताय."

"फोन बंद का आहे?"

"रागात फेकला आसंल वड्यात. त्येचं काय सांगावं."

म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. मी तिला विचारलं, "मावशी, धाकटा जाताना तुम्हाला काय म्हणाला?"

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग थोरल्याकडं पाहिलं. उत्तर त्यानं दिलं. मी पुन्हा तिलाच विचारलं. पुन्हा त्यानंच उत्तर दिलं. ती घाबरली असती तर मला त्यात नवल वाटलं नसतं, पण तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. काही तरी जड वस्तू दोन्ही हातांनी धरून ठेवली आहे आणि ती खाली ठेवता येत नाही, असं काहीसं तिच्याकडं बघून वाटत होतं.

थोरला चहा टाकायला उठला. ती जागची हलली नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही. गावाकडच्या घरात पोलीस आले तरी म्हातारी माणसं आधी पाणी विचारतात आणि मग शिव्या देतात. बोलता बोलता माझी नजर देवघराकडं गेली. लाकडी देव्हाऱ्यावर धुतलेलं पांढरं फडकं टाकलेलं होतं. समईत वात नव्हती. घट बसवल्याची कुठं खूण नव्हती, माती नाही, उगवलेलं धान्य नाही. हवालदार बाईंनीही ते पाहिलं, कारण त्यांनी माझ्याकडं बघून नुसती मान किंचित खाली केली.

"यंदा घट बसवले नाहीत?" मी विचारलं.

"आईला बरं नव्हतं, म्हनून राहिलं," थोरला म्हणाला.

निघताना मी मुद्दाम उंबऱ्यात थांबून म्हणालो, "येतो, मावशी." आमच्याकडं यावर "या" म्हणतात. दुष्मनालाही म्हणतात. फक्त मयत झालेल्या घरातून निघणारा "येतो" म्हणत नाही आणि घरचे "या" म्हणत नाहीत. म्हातारीचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. तिनं पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडं वळली.

जीपमध्ये बसल्यावर हवालदार बाई म्हणाल्या, "सर, ह्या घरात सुतक आहे."

"हो," मी म्हणालो. "पण सुतक दहा दिवसांचं असतं. हे अजून फिटलं कसं नाही?"

त्यांनी मागं वळून घराकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "अग्नीच दिला नसेल तर फिटणार कसं?"

धाकटा मेला आहे, म्हातारीला ते माहीत आहे आणि त्याचं प्रेत कुठंतरी तसंच पडलं आहे, हे आम्हा दोघांनाही त्या क्षणी कळून चुकलं. पण न्यायालयापुढं काय ठेवणार होतो? न लावलेलं कुंकू, न बांधलेलं तोरण आणि न म्हटलेलं "या"? आमच्या वरिष्ठांनी मला सक्तीच्या रजेवर पाठवलं असतं.

तांत्रिक तपास सुरू होता. धाकट्याच्या फोनचं शेवटचं ठिकाण गावातल्याच टॉवरखाली निघालं. त्या दिवशी तो कंपनीतून नेहमीसारखा सुटला होता, साहेबाशी त्याचं काही वाजलं नव्हतं. गावात चौकशी केल्यावर एवढं कळलं की त्याच्या आदल्या दिवशी दोघा भावांचं चावडीपुढं मोठ्यानं भांडण झालं होतं. भांडण रानडुकरांवरून होतं. भात ओंबीवर आलं की डोंगरातून डुकरं उतरतात आणि एका फेरीत अर्धं शेत लोळवून जातात. थोरल्याला बांधावर तार ओढून तिच्यात करंट सोडायचा होता. धाकटा नको म्हणत होता.

थोरल्याला चौकशीला बोलावलं. तो शांतपणे आला. मी फोनचं विचारलं, त्यानं उत्तर दिलं. कंपनीचं विचारलं, म्हणाला ऐकण्यात चूक झाली असेल. भांडणाचं विचारलं, तर हसला. "भावाभावांत व्हतंच की साहेब. तार काय आमी लावलीच न्हाई." बांधावर माणूस पाठवून पाहिलं तर खरंच तार नव्हती. तोरण का नाही, विचारलं. राहून गेलं, म्हणाला. पिकअपचा हार कसा राहिला नाही, हे विचारल्यावर मात्र त्यानं पाणी मागितलं. तेवढंच. अशा माणसाला ओरडून काही मिळत नाही. त्यानं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आधीच तयार ठेवलेलं होतं. घरी बसलेल्या आईकडून काही कळेल, याची मात्र त्यानं काही तयारी केली नव्हती, कारण ती बोलणार नाही याची त्याला खात्री होती.

मी त्याला उपनिरीक्षकासमोर बसवून ठेवलं आणि हवालदार बाईंना घेऊन पुन्हा त्या घरी गेलो. म्हातारी एकटीच होती. नवऱ्याला पेज भरवून नुकतीच बाहेर आली होती.

मी जमिनीवर तिच्यासमोर बसलो. "मावशी, मला सगळं कळलंय असं समजा. फक्त कुठं ते सांगा. पोराला अग्नी द्यायचा आहे ना?"

अग्नी म्हटल्यावर तिनं पदराचं टोक मुठीत धरलं. मग अगदी हळू म्हणाली, "साहेब, म्या थोरल्याच्या डोस्क्यावर हात ठिवलाय. शपथ हाय. तोंडातनं सबूद काढायचा न्हाई."

दुसरा एखादा अधिकारी म्हणाला असता, शपथ-बिपथ सोडा. मी ते म्हणू शकलो नाही. एक मुलगा गेला होता. शपथ मोडली तर दुसऱ्याचं काही होईल, ही तिची श्रद्धा होती आणि ती माझ्या कायद्याला भीक घालणार नव्हती. पण मला तिचं शेवटचं वाक्य पुन्हा ऐकू आलं. शपथ तोंडाची होती.

"बरं," मी म्हणालो. "बोलू नका. मी जरा घर आणि शेत बघतो. तुम्हाला वाटलं तर या बरोबर."

मी उठलो. ती बसून राहिली. मी ओसरी पाहिली, गोठा पाहिला, खतांच्या गोण्या हलवून पाहिल्या. मग ती उठली. पायात चपला घातल्या, कारण अंगणात खडी आणि खिळे पडलेले होते, आणि माझ्या पुढं होऊन घराच्या मागं चालू लागली. मी तिच्या मागं गेलो. हवालदार बाई आमच्या दोघांच्या मागं. नव्या खोल्यांची ओळ अर्धवट होती. भिंतींना गिलावा नव्हता, चौकटींना दारं नव्हती. फक्त शेवटच्या खोलीतला कोबा झालेला होता, बाकीच्यांत नुसता मुरूम पसरलेला. ती पहिल्या खोलीवरून गेली, दुसऱ्या खोलीवरून गेली. सगळीकडं चपला घालूनच गेली, मुरूम तुडवत.

शेवटच्या खोलीच्या चौकटीशी ती थांबली. भिंतीला हात टेकवला आणि चपला काढल्या. एक, मग दुसरी. नीट जोडून बाहेर ठेवल्या. डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि अनवाणी आत गेली. सिमेंटची धूळ, वाळलेल्या वाळू-सिमेंटचे खडे, तारेचे तुकडे पडलेले होते. कुणी शहाणा माणूस अशा बांधकामात चपला काढून शिरणार नाही. ती कोब्याच्या एका कडेनं चालत कोपऱ्यात गेली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मधल्या जमिनीवर तिनं पाऊल टाकलं नाही.

मी तिला काही विचारलं नाही. वाकून बुटाच्या नाड्या सोडल्या, बूट काढले आणि तिच्या चपलांशेजारी ठेवले. तिनं ते पाहिलं. मला समजलं आहे हे तिला समजलं, आणि तिचे डोळे भरून वाहायला लागले. तोंडातून मात्र हुंकारसुद्धा बाहेर आला नाही. मी आजवर अनेकांचे कबुलीजबाब ऐकले आहेत. इतकी सरळ दिलेली माहिती मला कधी मिळाली नव्हती, आणि ती घेताना इतकं वाईटही कधी वाटलं नव्हतं. कारण एका मुलाच्या अग्नीसाठी ती दुसऱ्या मुलाला माझ्या हाती देत होती आणि तिला ते पुरतं ठाऊक होतं.

थोरल्याला जीपमधून आणलं. खोलीसमोर आम्ही पांढऱ्या फक्कीनं खूण केली होती. ती पाहून तो थिजला. मग त्याला कोपऱ्यातली आई दिसली.

"आये!" तो ओरडला. "तू शपथ मोडलीस!"

तिनं नकारार्थी मान हलवली. मी म्हणालो, "तुझी आई एक शब्द बोललेली नाही. हवालदार बाईंना विचार."

त्यानं आईकडं पाहिलं, तिच्या पायांकडं पाहिलं, बाहेरच्या चपलांकडं पाहिलं. आणि मग तिथंच मुरमात बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"त्यो म्हनला व्हता, दादा, तार लावू नगं, येखादं मानूस जाईल," तो म्हणाला. "म्या इर्षेला पडलो. त्येला न सांगता जोडली. त्यो कंपनीतनं बांधावरनं येतो, ह्ये माझ्या ध्यानातच आलं न्हाई वो साहेब. सकाळी डुक्कर घावलं का म्हनून बघाय गेलो, तर..." पुढं त्याला बोलता येईना.

बाकीचं नंतर कळलं. आदल्या दिवशीचं भांडण साऱ्या गावानं ऐकलेलं होतं. मुद्दाम मारलं म्हणतील, या भीतीनं त्यानं तार काढून टाकली, भावाला पोत्यात घालून मागं आणलं आणि मुरमाखाली पुरलं. गवंडी कोबा करायला आला तेव्हा त्याला खालचं काहीच माहीत नव्हतं. आईला मात्र माहीत होतं; तो पुरत असतानाच ती उठून मागं आली होती आणि तिला दिसलं होतं. थोरल्यानं तिचा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाला, आये, एक गेला, दुसऱ्याला तुरुंगात घालू नको. त्या घटकेपासून ती गप्प होती. त्यानं स्वतः सुतक धरलं नाही. दाढी केली, गाडीची पूजा केली. तिनं मात्र देव झाकले.

त्याचं निवेदन पंचांसमोर घेतलं आणि जागा त्यानं दाखवली असा पंचनामा झाला, कारण तोंडानं सांगितलं त्यानंच. कार्यकारी दंडाधिकारी आल्यावर कोबा फोडला. ते वर्णन मी करणार नाही. तळहातावर भाजल्याची खूण स्पष्ट होती. सदोष मनुष्यवध आणि पुरावा नष्ट करणे, अशी कलमं लागली. म्हातारीच्या चपलांचा उल्लेख कुठल्याच कागदावर नाही, आणि तो नसावा असंच मला वाटलं.

शवविच्छेदन होऊन प्रेत संध्याकाळी परत आलं. वडील अंथरुणाला खिळलेले, म्हणून अग्नी थोरल्यानंच द्यायचा होता. वरिष्ठांची परवानगी घेऊन मी त्याला बंदोबस्तात अंगणात आणलं. सगळं गाव जमलं होतं. म्हातारी पायरीवर बसली होती, कोरड्या डोळ्यांनी. थोरला तिच्यापुढं गुडघ्यांवर बसला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"आये, सुटली," तो म्हणाला. "शपथ सुटली. बोल आता."

तिनं धाकट्याचं नाव घेऊन हंबरडा फोडला. इतके दिवस आत दाबून धरलेला तो आवाज होता. मी पोलीस आहे, मी अनेक आयांचं रडणं ऐकलं आहे, तरी मला तिथं उभं राहवेना. मी जीपच्या पलीकडं जाऊन उभा राहिलो. हवालदार बाई आधीच तिथं होत्या.

चांद्याचं सांगायचं राहिलं. त्याच दिवशी दुपारी, शवविच्छेदन चालू असताना, मी आणि हवालदार बाई धाकट्याच्या बायकोकडं गेलो होतो. पोटुशी बाई मयताला जात नाही, म्हणून तिला सासरी नेणारही नव्हते. पण कळवायला हवं होतं. ती ओसरीवर मेथी निवडत बसली होती. जीप थांबलेली पाहून तिचे हात थांबले. हवालदार बाई तिच्याशेजारी बसल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. मी टोपी काढली. दारात उभ्या असलेल्या तिच्या आईनं ते पाहून पदर तोंडात कोंबला. आता काही सांगायची गरज उरली नाही, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. मी तिच्या वडलांशी पुढच्या गोष्टी बोलायला वळलो.

"साहेब, थांबा," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला होता. "ह्या बाईंनी पाठीवर हात ठिवला, तुमी टोपी काढली, आई रडाय लागली. त्या घरातबी समद्यांनी असंच केलं. कुनी तोंड फिरवलं, कुनी बोट मागं घेतलं. मला समदं कळत हुतं. पन कुनी म्हनत न्हवतं, म्हनून मी रोज वाट बघत हुते. आता तुमी तरी तोंडानं सांगा."

मी परत तिच्यासमोर आलो. नोकरीत अशी बातमी मी अनेक घरांत पोहोचवली होती. हिंमत धरा, दवाखान्यात चला, वडीलधाऱ्यांना बोलवा, अशा गुंडाळलेल्या शब्दांत. पुढचं लोकांनी माझ्या चेहऱ्यावरून समजून घ्यायचं, ही माझी पद्धत होती आणि ती मला दयाळू वाटायची.

"तुमचा नवरा वारला, ताई," मी म्हणालो. "तारेचा करंट लागून वारला. ज्या दिवशी फोन बंद झाला, त्याच दिवशी. तार भावानं लावली होती. त्यानं मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. आज संध्याकाळी अग्नी देणार आहेत."

तिनं माझ्याकडं बघत शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली, आणि मग हवालदार बाईंच्या खांद्यावर डोकं टाकून रडायला लागली.

माणसं न बोलता किती सांगतात, हे वाचण्यात माझं आयुष्य गेलं आणि त्यावर मला बक्षिसंही मिळाली. ते गुन्हा उघडकीला आणायला पुरतं. पण ज्याचं माणूस गेलं आहे त्याला ते पुरत नाही, हे त्या मुलीनं मला शिकवलं. त्यानंतर अशी बातमी घेऊन ज्या ज्या दारात गेलो, तिथं टोपीला हात लावण्याआधी मी ती नीट शब्दांत सांगितली.